घरातल्यासारखी, म्हणजे घरातली नव्हे

‘द हेल्प’ हा अमेरिकी सिनेमा बघून झाला की बहुतेकांचे डोळे पाणावलेले असतात. मिसिसिपी राज्यातलं जॅक्सन शहर, १९६०च्या दशकाची सुरुवात. गोऱ्या घरांत राबणाऱ्या एबिलीन आणि मिनी. मोलकरणींचा संडास वेगळाच हवा म्हणून मोहीम चालवणारी हिली. आणि या बायकांच्या कहाण्या गोळा करून पुस्तक काढणारी स्कीटर, स्वतः गोरी, नुकतीच कॉलेज संपवून घरी आलेली. शेवटी हिलीची चांगलीच जिरते आणि बघणाऱ्याला हायसं वाटतं.

मग कधीतरी वाचनात येतं, की एबिलीनचं काम करणाऱ्या व्हायोला डेव्हिस यांनीच २०१८ मध्ये या सिनेमाबद्दल खंत बोलून दाखवली. त्यांचं म्हणणं होतं, मोलकरणींचा आवाज त्यात ऐकूच आला नाही. त्याही आधी, २०११ मध्ये सिनेमा आला तेव्हाच, कृष्णवर्णीय स्त्री-इतिहासकारांच्या अमेरिकेतल्या संघटनेने जाहीर पत्रक काढून त्यावर टीका केली होती. माझ्या एका मैत्रिणीने मला नेमकं हेच विचारलं, “अगं, सिनेमा त्यांच्याच बाजूचा आहे ना? मग त्याच का नाराज?”

प्रश्न अगदी रास्त आहे. उत्तर द्यायचं तर सिनेमा थोडा वेळ बाजूला ठेवावा लागतो.

आधी पगाराचं बघू

अमेरिकेतली गुलामगिरी १८६५ मध्ये कायद्याने संपली. पण दक्षिणेकडच्या राज्यांनी पुढे असे कायदे केले की शाळा, बस, पाण्याचा नळ, दवाखाना, सगळीकडे काळ्यांची सोय वेगळी आणि हलकी. या कायद्यांच्या जंजाळाला ‘जिम क्रो’ म्हणतात. ते १९६०च्या दशकाच्या मध्यापर्यंत टिकलं. या व्यवस्थेत काळ्या बाईला दुकानात, कचेरीत किंवा गिरणीत सहसा कोणी कामावर घेत नसे. उरलं काय? शेतमजुरी आणि दुसऱ्याचं घर. १९४० मध्ये अमेरिकेतल्या नोकरी करणाऱ्या दर १० कृष्णवर्णीय स्त्रियांपैकी सुमारे ६ जणी घरकाम करत होत्या.

पगार इतका थोडा, की दक्षिणेत उरलंसुरलं अन्न भांड्यात भरून घरी न्यायचा रिवाजच पडला होता. मालकीण ते भांडं आणि जुने कपडे पगारातच धरायची. ‘आम्ही तिला देतो ना किती!’ असं म्हणायलाही ती मोकळी. उत्तरेत गेल्यावर फार वेगळं नव्हतं. मंदीच्या काळात न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात काळ्या बायका सकाळपासून रस्त्याच्या कोपऱ्यावर उभ्या राहायच्या. गोऱ्या गृहिणी यायच्या, घासाघीस करायच्या आणि तासावर ठरवून घेऊन जायच्या. एला बेकर आणि मार्व्हेल कुक या दोघींनी १९३५ मध्ये ‘द क्रायसिस’ मासिकात त्यावर लेख लिहिला, त्याचं नावच ‘ब्राँक्सचा गुलामबाजार’. कामाचे कपडे कागदी पिशवीत घेऊन उभ्या राहणाऱ्या या बायकांना पुढे ‘कागदी पिशवीची पलटण’ असं नाव पडलं.

आता कायदा बघा, कारण खरी गोम तिथे आहे. १९३५ मध्ये अमेरिकेत म्हातारपणच्या पेन्शनचा आणि बेकारी भत्त्याचा कायदा आला. १९३८ मध्ये किमान वेतनाचा कायदा आला, ताशी २५ सेंट. दोन्हींत काळा-गोरा असा शब्दसुद्धा नव्हता. पण शेतमजूर आणि घरकामगार दोन्हींच्या बाहेर राहिले.

समजा, तुमच्या सोसायटीने ठराव केला की सगळ्यांना चोवीस तास पाणी, पण तळमजल्याला नळजोड मिळणार नाही. ठरावात कोणाची जात-पात लिहिलेली नाही. मात्र तळमजल्यावर कोण राहतं ते सगळ्यांना माहीत आहे, आणि वरच्या मजल्यावर त्यांना कोणी कधी घर दिलेलं नाही. तसंच हे. १९५० मध्ये नियमित काम करणारे घरकामगार पेन्शनच्या कायद्यात आले. किमान वेतन मिळायला १९७४ साल उजाडलं. ‘द हेल्प’मधल्या बायका ज्या काळात राबतात, त्या काळात त्यांना कमीत कमी किती पैसे द्यावेत याचा देशपातळीवर कायदाच नव्हता. हिली कितीही दुष्ट असो, हा कायदा काही तिने केलेला नव्हता.

‘मॅमी’ म्हणजे कोण?

काळ्या मोलकरणीचं एक ठरीव चित्र अमेरिकी कथा-कादंबऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या रंगवलं. अंगाने जाड, डोक्याला रुमाल, तोंडाने फटकळ, मनाने प्रेमळ. गोऱ्या बाळांवर जीव टाकणारी. तिला स्वतःचं घर नाही, नवरा दिसत नाही, पगाराचा विषय तर कधीच नाही. या साच्याला ‘मॅमी’ म्हणतात. आपल्या ‘मोलकरीण’ या शब्दात निदान ‘मोल’ तरी आहे. मोल घेऊन काम करणारी ती मोलकरीण. ‘मॅमी’ या हाकेत मोलाचा मागमूस नाही.

हा साचा पुस्तकापुरता राहिला असता तर एवढं बोलायचं कारण नव्हतं. १९२३ मध्ये अमेरिकेच्या सिनेटने राजधानी वॉशिंग्टनमध्ये ‘दक्षिणेतल्या इमानी मॅमीं’चं स्मारक उभारायचं विधेयक मंजूर केलं. कृष्णवर्णीय स्त्रियांनी जोरदार विरोध केला आणि ते दुसऱ्या सभागृहात अडलं. पण त्याच सिनेटमध्ये काहीच महिने आधी, १९२२च्या अखेरीस, काळ्या माणसांना जमावाने ठार मारण्याविरुद्धचं विधेयक भाषणं लांबवून लांबवून हाणून पाडलं गेलं होतं. मला हे दोन प्रसंग शेजारीशेजारी ठेवले की आणखी काही समजावून सांगायची गरज वाटत नाही. पुतळा द्यायला तयार, संरक्षण द्यायला नाही.

साच्याचा व्यापारही झाला. पॅनकेकच्या पिठाच्या खोक्यावर रुमालवाली हसरी ‘आंट जेमायमा’ शंभराहून जास्त वर्षं होती. कंपनीने ती काढायचं जाहीर केलं ते २०२० मध्ये. आणि १९३४च्या ‘इमिटेशन ऑफ लाइफ’ या सिनेमात तर हा व्यापारच गोष्ट होऊन आला. डिलायला या मोलकरणीच्या पॅनकेकच्या पाककृतीवर तिची गोरी मालकीण श्रीमंत होते. धंद्यात डिलायलाला मिळणार २० टक्के. ‘आता तुझं स्वतःचं घर घे,’ असं मालकीण म्हणते, तर डिलायला घाबरते: मला दूर पाठवू नका, तुमच्यापाशीच राहू द्या. पाककृती तिची, चेहरा तिचा, आणि वाटा पाचवा. प्रेक्षकांनी मात्र या इमानदारीसाठी रुमाल ओले केले.

“पण काही घरांत खरंच माया असेल ना?”

असेल की. माणसं रोज एका छपराखाली वावरली, मुलं अंगाखांद्यावर वाढली, तर माया लागतेच. ती खोटी होती असं कोणी म्हणत नाही. ती माया कोणाच्या वाट्याची होती, एवढंच विचारायचं आहे.

टोनी मॉरिसन यांच्या ‘द ब्लूएस्ट आय’ (१९७०) या कादंबरीत एक प्रसंग आहे. ओहायो राज्यातलं लोरेन गाव, १९४१ साल. पॉलीन ब्रीडलव्ह तळ्याकाठच्या एका गोऱ्या कुटुंबाकडे कामाला. तिची स्वतःची मुलगी पेकोला धुण्याचं गाठोडं न्यायला तिथे आलेली असते, आणि तिला शोधत तिच्या मैत्रिणीही येतात. स्वयंपाकघरात बेरी घालून केलेला गरम गोड पदार्थ नुकताच काढून ठेवलाय. गरम आहे का बघायला पेकोला बोट लावते आणि भांडं खाली येतं. जांभळा रस फरशीभर, पोरीच्या पायांवर चटके. आई धावत येते ती आपल्या मुलीला मारत. ‘माझी फरशी, माझी फरशी’ असा तिचा आकांत चाललेला. तेवढ्यात गुलाबी कपड्यांतली मालकांची छोटी मुलगी रडू लागते. पॉलीन तिला जवळ घेते, कुरवाळते, दुसरा करून देते म्हणते. आपल्या पोरीला हाकलते. छोटी विचारते, ‘पॉली, त्या कोण होत्या?’ आणि आई ते सांगतच नाही.

या प्रसंगात दुष्ट कोणीच नाही. मालकीण तर तिथे हजरसुद्धा नाही. पण ‘माझी फरशी’ म्हणणाऱ्या बाईची त्या घरात एक फरशीही नाही, आणि जे मूल तिचं आहे त्याची ती ओळख देत नाही.

हाका बघा. गोऱ्या घरातलं पोर तिला ‘पॉली’ म्हणतं. पोटची मुलगी आईला ‘मिसेस ब्रीडलव्ह’ म्हणते. मराठी वाचकाला हे चटकन कळावं, कारण आपल्याकडे एका ‘अगं’ आणि ‘अहो’मध्ये सगळी पायरी ठरते. त्या काळच्या अमेरिकेत साठीच्या काळ्या बाईला गोऱ्या घरातलं पाच वर्षांचं मूल नावाने अरे-तुरे करायचं, आणि तिने मात्र त्या मुलीला ‘मिस’ लावून बोलायचं. व्यवस्था अशी रोज जिभेवर घोटली जायची.

“तो काळच तसा होता, आजचे निकष कशाला?”

हा आक्षेप नेहमी येतो, आणि त्याच्या पोटात एक चूक आहे. ‘त्या काळी सगळ्यांना ते चालत होतं’ म्हणताना ‘सगळे’ म्हणजे फक्त गोरे धरलेले असतात. डिलायलाच्या त्या सिनेमावर कृष्णवर्णीय कवी आणि समीक्षक स्टर्लिंग ब्राउन यांनी १९३५ मध्येच कडक टीका लिहिली होती. त्याच्याही कितीतरी आधी, १८८१ मध्ये, अटलांटातल्या काळ्या धोबिणींनी दर वाढवून मिळावा म्हणून संप केला होता. वीसेक जणींनी सुरू केलेल्या त्यांच्या संघटनेत तीन आठवड्यांत ३,००० बायका आल्या. निकष तेव्हाही होते. छापणाऱ्यांनी ते ऐकले नाहीत.

आणि १९५६ मध्ये ॲलिस चिल्ड्रेस या कृष्णवर्णीय लेखिकेची मिल्ड्रेड पुस्तकरूपाने आली. मला या सगळ्या विषयात तीच सर्वांत जवळची वाटते. मिल्ड्रेड न्यूयॉर्कमध्ये घरकाम करते आणि संध्याकाळी मैत्रीण मार्जला दिवसभराचं सांगते. बस, एवढंच. पुस्तकभर तिचंच बोलणं. मालकिणी कळतात त्या तिच्या तोंडून. पुस्तकाचं नाव तिला ऐकाव्या लागणाऱ्या वाक्यावरून ठेवलंय: ‘अगदी घरातल्यासारखी’.

एके दिवशी मालकीण पाहुणीला हेच ऐकवते, की मिल्ड्रेड आम्हाला घरातल्यासारखीच, आमच्या कॅरोलवर तर तिचा जीव आहे. पाहुणी गेल्यावर मिल्ड्रेड शांतपणे हिशोब मांडते. घरातले जेवायच्या खोलीत जेवतात, मी स्वयंपाकघरात. माझ्याशिवाय तुमचं कसं होईल म्हणता, पण उद्या मी मेले तर परवा दुसरी आणाल. मला नोकर समजत नाही म्हणता. पण न्हाणीघर घासून, बिछाने घालून, स्वयंपाक, भांडी आणि कॅरोलच्या कपड्यांची इस्त्री आटोपल्यावर मला काही पाहुणी असल्यासारखं वाटत नाही.

दुसऱ्या एका गोष्टीत एक मालकीण मिल्ड्रेड घरात असेपर्यंत स्वतःची पर्स हातातून सोडत नाही. मिल्ड्रेड एकदा बाहेर पाठवल्यावर धावतपळत परत येते आणि स्वतःची पर्स उचलते. मालकीण वरमते, तुझ्यावर अविश्वास नाही हो, म्हणते. मिल्ड्रेड म्हणते, मी समजू शकते. तुम्ही मला देता इतका कमी पगार मी कोणाला देत असते, तर मीही पर्स घट्ट धरली असती.

मग ‘द हेल्प’वर राग कशाचा?

आता मैत्रिणीच्या प्रश्नाकडे परत येऊ. घराला दोन दारं असतात, पुढचं आणि मागचं. गोष्ट सांगणारा कुठल्या दाराने आत शिरतो त्यावर त्याला काय दिसणार ते ठरतं. ‘द हेल्प’मध्ये बोलतात एबिलीन आणि मिनी, पण गोष्ट पुढे सरकते ती स्कीटरमुळे. धाडस तिचं, पुस्तक तिचं, न्यूयॉर्कची नोकरी तिची. याला ‘गोरा तारणहार’ साचा म्हणतात: अन्याय काळ्यांवर, सोडवणूक गोऱ्याच्या हातून.

इतिहासकार बायकांचं म्हणणं आणखी नेमकं होतं. कामाच्या घरातल्या पुरुषांकडून होणारा लैंगिक त्रास हा या बायकांच्या आयुष्यातला मोठा धोका, तो सिनेमात जवळपास नाहीच. दुसरं, जॅक्सन हे नागरी हक्क चळवळीचं धगधगतं केंद्र होतं. १२ जून १९६३ रोजी तिथे मेडगर एव्हर्स या कार्यकर्त्याला त्याच्या घराच्या दारात गोळी घातली गेली. सिनेमात हा खून येतो, पण गावातली संघटना, मोर्चे, हाताला हात लावून उभी राहिलेली माणसं दिसत नाहीत. दिसते ती भीती.

प्रत्यक्षात घरकामगार बायका वाट बघत बसल्या नव्हत्या. १९५५-५६ मध्ये दक्षिणेतल्या माँटगोमेरी शहरात वर्णभेदाविरुद्ध बसवर ३८१ दिवस बहिष्कार पडला. एरवी रोजच्या बसमध्ये सर्वांत जास्त याच बायका असायच्या. त्या मैलोन्‌मैल चालत कामाला गेल्या. जॉर्जिया गिलमोर या स्वयंपाकिणीने डबे आणि केक विकून चळवळीला पैसे उभे केले. १९६८ मध्ये अटलांटात डोरोथी बोल्डेन यांनी घरकामगारांची संघटना काढली आणि अट घातली, की सभासद व्हायचं तर मतदार म्हणून नाव नोंदवायचं. या बायकांना पुढे व्हायला कोणी स्कीटर लागली नव्हती.

“भूमिका केल्या कशाला मग?”

अभिनेत्री हॅटी मॅकडॅनियल यांना हेच विचारलं गेलं, तेही त्यांच्याच समाजातून. आईवडील दोघंही जन्माने गुलाम. त्यांनी स्वतः पोटासाठी धुणीभांडीही केलेली. ‘गॉन विथ द विंड’मधल्या मॅमीच्या भूमिकेसाठी त्यांना ऑस्कर मिळालं, कृष्णवर्णीय कलाकाराला मिळालेलं पहिलं. १९३९ च्या डिसेंबरात अटलांटात सिनेमाचा पहिला खेळ झाला, त्याला त्या नव्हत्या. तिथल्या वर्णभेदाच्या नियमांत त्यांना गोऱ्या सहकलाकारांसोबत बसता आलं नसतं. २९ फेब्रुवारी १९४० रोजी लॉस एंजेलिसच्या ज्या हॉटेलात ऑस्कर दिलं गेलं, तिथे काळ्यांना प्रवेश नव्हता. खास परवानगी काढून त्यांना आत घेतलं आणि भिंतीकडेच्या एका लहान टेबलावर बसवलं. सहकलाकार पलीकडे मोठ्या टेबलावर. पडद्यावर घरातली, सभागृहात भिंतीकडेची.

त्यांना दोष देणं मला जमत नाही. खरी मोलकरीण होण्यापेक्षा पडद्यावरची झालेली बरी, असं त्या म्हणायच्या. दारं दोनच असतील तर माणूस त्यातलं बरं दार उघडतो.

“म्हणजे गोऱ्यांनी लिहूच नये?”

लिहावं. दक्षिण आफ्रिकेत एल्सा जोबर्ट या गोऱ्या लेखिकेने १९७८ मध्ये पॉपी नोंगेना या काळ्या स्त्रीची कहाणी आफ्रिकान्स भाषेत लिहिली. पॉपी घरकाम करते, पण तिच्या आयुष्याचा चोळामोळा करतो तो पासचा कायदा: शहरात राहायला परवाना, तो संपला की बिऱ्हाड उचल. त्या गोष्टीत तारणहार नाही आणि वाचकाला सुटकेचा निःश्वासही नाही.

उलट नुसती माया दाखवून काय होतं ते सेनेगलच्या उस्मान सेम्बेन यांनी १९६६ च्या ‘ब्लॅक गर्ल’ या सिनेमात दाखवलं. डियुआना ही डाकारमधली तरुणी एका फ्रेंच कुटुंबाबरोबर मुलं सांभाळायला म्हणून फ्रान्समध्ये येते आणि चार भिंतींत अडकते. स्वयंपाक, झाडलोट, सगळं तिच्यावर. गावाहून आईचं पत्र येतं. तिला लिहिता येत नाही. मालक कागद घेऊन बसतो आणि तिच्या वतीने उत्तर लिहायला लागतो: मी मजेत आहे, ही माणसं चांगली आहेत. त्याच्या मनात वाईट काही नाही. पण डियुआना पत्र फाडून टाकते. व्हायोला डेव्हिस यांना काय सलत होतं ते मला हे दृश्य बघितल्यावर पुरतं उमगलं.

आपला संबंध?

जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या तिथल्या सज्जनांना अर्पण करून. म्हणजे त्या देशातल्या या दुःखाशी मराठीची ओळख दीडशे वर्षांची आहे. आणि ‘आमच्या मावशी ना, अगदी घरातल्यासारख्या’ हे वाक्य तुम्ही-मी याच आठवड्यात कुठेतरी ऐकलं असेल, कदाचित म्हटलंही असेल. वंशभेद आणि जातभेद एकच आहेत असं मी म्हणत नाही. दोन्हींचा इतिहास वेगळा. वाक्य मात्र तेच आहे.

मिल्ड्रेडची गोष्ट मघाशी अर्धीच सांगितली. ते सगळं ऐकवून झाल्यावर ती शेवटी पगारवाढ मागते. मला थोडे जास्त पैसे द्या, म्हणजे माझ्या कामाची किंमत आहे हे मला कळेल, म्हणते. मालकीण माफी मागते आणि नवऱ्याशी बोलते म्हणते. त्या संध्याकाळी छोटी कॅरोल स्वयंपाकघरात येते. एरवी ती ‘मला पाव-जॅम हवाय’ असं फर्मावायची. आज ती दारात थांबते आणि विचारते, ‘मिल्ड्रेड, प्लीज, मला जरा पाव-जॅम करून देशील?’